डेटाबेसमध्ये रोमन अंक: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

दिवाणी कामं पाहणाऱ्या वकिलाच्या ऑफिसात रोमन अंकांशिवाय दिवस जात नाही. मनाईचा अर्ज ऑर्डर ३९ रूल १ व २ खाली, वादपत्र नामंजूर करण्याचा अर्ज ऑर्डर ७ रूल ११ खाली, दुरुस्ती अर्ज ऑर्डर ६ रूल १७ खाली, कोर्ट कमिशनर नेमायचा तर ऑर्डर २६ रूल ९. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डरचे, म्हणजे तिच्यातल्या प्रकरणांचे, आकडे रोमनमध्ये छापलेले आहेत आणि अर्जाच्या मथळ्यावरही ते तसेच टंकले जातात. रूलचा आकडा मात्र साधा. निशाणीचा, म्हणजे कोर्टात दाखल कागदाला मिळणारा, आकडाही साधा.

समजा, सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात कामं चालवणाऱ्या एका ऑफिसाला फायलींचं रजिस्टर संगणकावर आणायचं आहे आणि ते काम नुकताच डेटाबेस शिकलेल्या तुमच्याकडे आलं आहे. बाकीचे कॉलम सरळ आहेत: दाव्याचा क्रमांक, पक्षकार, तारीख, निशाणी. रोमन आकड्याच्या कॉलमपाशी हात थांबतो. तो मजकूर म्हणून ठेवायचा की आकडा म्हणून? की त्याचा स्वतंत्र डेटा टाइप, म्हणजे माहितीचा वेगळा प्रकारच, बनवायचा? या लेखात मी पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस धरून चाललो आहे, कारण स्वतःचा टाइप बनवायची सोय त्यात मुळापासून आहे. दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठीही वाटेत सांगेन.

लिहिण्याची एक पद्धत आधी ठरवू. रोमन अक्षरं मी उच्चारानं, मध्ये आडवी रेघ देऊन लिहितो आहे. एक्स-आय-व्ही म्हणजे १४. एसक्यूएलचे, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेचे, आदेशही असेच देवनागरीत दिले आहेत. टंकताना ते नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टंकायचे.

पायरी १: मजकुराचा कॉलम का नको

बहुतेक जण इथे टेक्स्टचा कॉलम करून मोकळे होतात. पहिले आठ दिवस काही बिघडत नाही. मग कुणीतरी यादी ऑर्डरच्या क्रमानं मागतं.

डेटाबेसला मजकूर अक्षरांच्या क्रमानं लावता येतो. रोमनची सात अक्षरं इंग्रजी वर्णक्रमानं लावली, तर सी, डी, आय, एल, एम, व्ही, एक्स अशी येतात. म्हणजे १००, ५००, १, ५०, १०००, ५, १०. किमतीशी या क्रमाचा काही संबंध नाही. रजिस्टरमध्ये ऑर्डर १, ६, ७, ८, ९, २१, २६, ३९ आणि ४१ अशा नोंदी असतील, तर मजकूर म्हणून सॉर्ट केल्यावर त्या १, ९, ६, ७, ८, ४१, २१, २६, ३९ अशा येतील. आय-एक्स आधी येतो, कारण त्याचं पहिलं अक्षर आय आहे. एक्स-एल-आय म्हणजे ४१ हा २१ च्या आधी जातो, कारण दुसरं अक्षर एल हे एक्सच्या आधीचं. अपिलाची ऑर्डर (४१) दरखास्तीच्या ऑर्डरच्या (२१) वर बसलेली पाहून वकीलसाहेब काय म्हणतील, ते सांगायला नको.

शोधतानाही तीच गत. व्ही-आय ने सुरू होणाऱ्या नोंदी मागितल्या, तर ६ सोबत ७ आणि ८ सुद्धा येतात. आणि मजकुराच्या कॉलमला काहीही चालतं: आय-आय-एक्स, व्ही-एक्स, किंवा आयच्या जागी एकचा आकडा टंकलेला. चूक आत शिरते आणि तिथेच राहते.

म्हणून माझं ठाम मत असं: साठवायचा तो आकडा. रोमन रूप लागतं ते फक्त माहिती आत येताना आणि बाहेर जाताना. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

पायरी २: हद्द आणि नियम ठरवा

टाइप बनवायचा म्हणजे त्यात काय बसतं आणि काय बसत नाही हे आधी कागदावर लिहायचं. रोमन अंकांच्या बाबतीत ही यादी छोटी आहे.

नेहमीच्या सात अक्षरांनी १ ते ३९९९ लिहिता येतात. ४००० ला एम चार वेळा लागेल आणि एकच अक्षर सलग तीनपेक्षा जास्त वेळा येत नाही. मोठ्या आकड्यांसाठी अक्षरावर आडवी रेघ देण्याची जुनी पद्धत आहे, पण कीबोर्डवर ती नाही आणि आपल्या कामात तिची गरजही नाही. शून्य नाही. ऋण आकडे नाहीत. अपूर्णांक आपल्यापुरते नाहीत.

व्ही, एल आणि डी ही अक्षरं एकदाच येतात आणि कधीच वजा होत नाहीत. वजाबाकीच्या जोड्या फक्त सहा: आय-व्ही, आय-एक्स, एक्स-एल, एक्स-सी, सी-डी, सी-एम. म्हणून ९९ हा एक्स-सी-आय-एक्स असा होतो, आय-सी असा नाही.

घड्याळाच्या तबकडीवर चारसाठी आय चार वेळा काढलेला तुम्ही पाहिला असेल. डेटाबेसमध्ये तो स्वीकारायचा का? माझं उत्तर नाही असं आहे. एका आकड्याला दोन रूपं मान्य केली, की एकाच ऑर्डरच्या नोंदी दोन ठिकाणी विखुरतात. ज्याला जुन्या छपाईतल्या नोंदी जशाच्या तशा जपायच्या आहेत, त्यानं मूळ मजकुरासाठी वेगळा कॉलम ठेवावा आणि आकडा आकड्याच्या कॉलममध्येच ठेवावा.

सर्वात लांब रोमन अंक कोणता, हेही माहीत असू द्या. ३८८८ लिहायला पंधरा अक्षरं लागतात: एम तीन, डी, सी तीन, एल, एक्स तीन, व्ही, आय तीन. हा पंधराचा आकडा पुढे एका ठिकाणी भेटणार आहे.

पायरी ३: आकड्याचा कॉलम आणि त्यावर चेक

३९९९ ला स्मॉलइंट पुरेसा आहे. दोन बाइट लागतात आणि ३२७६७ पर्यंत जागा असते. कॉलमला चेक, म्हणजे अट, लावा: किंमत १ आणि ३९९९ यांच्या दरम्यान हवी. माहिती नसेल तिथे नल, म्हणजे ‘किंमत नाही’ ही खूण, ठेवा. शून्य टाकून वेळ मारून नेऊ नका, चेक ते तसंही अडवेल.

कॉलमला नाव देताना सावध राहा. इंग्रजीत सरळ ‘ऑर्डर’ असं नाव दिलं, तर तो एसक्यूएलचा राखीव शब्द आहे. प्रत्येक क्वेरीत त्याला दुहेरी अवतरणात ठेवावं लागेल आणि एखाद्या ठिकाणी विसरलात की एरर. दुसरं काही नाव घ्या. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये देवनागरी नावंही चालतात. फक्त नावाला ६३ बाइटांची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे काना, मात्रा, हलंत सगळं वेगवेगळं मोजून २१ चिन्हं. त्यापुढचं नाव डेटाबेस कापून टाकतो.

मायएसक्यूएल किंवा एसक्यूलाइट वापरणाऱ्यांनी पायरी ५ आणि ६ सोडून द्याव्यात. त्यांत डोमेन (अट लावलेला टाइप) नाही आणि स्वतःचा टाइप बनवायची सोयही नाही. आकड्याचा कॉलम, चेक आणि रूपांतराचं फंक्शन एवढ्यावर तिथे काम भागतं. मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधीचं असेल, तर चेक लिहून घेतला जातो पण पाळला जात नाही. तेव्हा आवृत्ती पाहून घ्या.

पायरी ४: दोन फंक्शन

एक आकड्याचं रोमन करणारं, दुसरं रोमनचा आकडा करणारं. सगळ्या कामाचा जीव या दोघांत आहे.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये पहिलं काम तयार मिळतं. टू_चार या फंक्शनला आकडा आणि ‘आरएन’ हा साचा दिला, की रोमन मिळतो. साचा छोट्या लिपीत दिला, तर उत्तरही छोट्या लिपीत. ओरॅकलमध्येही हाच साचा आहे. पण उत्तर पंधरा जागांचं येतं आणि डावीकडे मोकळ्या जागा भरलेल्या असतात. तो मघाचा पंधरा हाच. मोकळ्या जागा नको असतील, तर साच्याच्या आधी ‘एफएम’ जोडा. हद्दीबाहेरचा आकडा दिला, तर एरर येत नाही, नुसत्या हॅश चिन्हांची रांग छापली जाते. हे नीट लक्षात ठेवा, कारण ती रांग गुपचूप अहवालात जाऊन बसते.

उलटं रूपांतर बरीच वर्षं नव्हतं. टू_नंबरला ‘आरएन’ दिलं, की इनपुटसाठी हे चालत नाही असा एरर यायचा. २०२५ च्या सप्टेंबरात आलेल्या १८ व्या आवृत्तीपासून ते चालतं. तुमच्या सर्व्हरवर त्याआधीची आवृत्ती असेल, तर फंक्शन स्वतः लिहायचं.

१८ वी आवृत्ती असली, तरीही दोन्ही फंक्शन एकदा स्वतः लिहा, असं मी सांगेन. शिकण्यासाठी तर आहेच, पण एक व्यावहारिक कारणही आहे. टू_चार आणि टू_नंबर ही फंक्शन पोस्टग्रेएसक्यूएल ‘स्टेबल’ धरतो, ‘इम्युटेबल’, म्हणजे त्याच इनपुटला कायम तेच उत्तर देणारी, धरत नाही, कारण आकड्यांचे काही साचे सर्व्हरच्या लोकेलवर, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर, अवलंबून असतात. रोमनचा लोकेलशी संबंध नाही, पण फंक्शन एकच असल्यामुळे शिक्का सगळ्यांना सारखा. परिणाम असा, की जनरेटेड कॉलममध्ये (ज्याची किंमत डेटाबेस स्वतः काढतो) किंवा फंक्शनवर आधारलेल्या इंडेक्समध्ये (शोध वेगानं व्हावा म्हणून ठेवलेल्या सूचीत) ती थेट वापरता येत नाहीत. स्वतःच्या फंक्शनला तुम्ही इम्युटेबल म्हणू शकता, आणि इथे ते खरंही आहे: ३९ चं रोमन रूप कधी बदलत नाही.

आकड्याचं रोमन करायला तेरा जोड्यांचा तक्ता लागतो, मोठ्याकडून लहानाकडे: १००० एम, ९०० सी-एम, ५०० डी, ४०० सी-डी, १०० सी, ९० एक्स-सी, ५० एल, ४० एक्स-एल, १० एक्स, ९ आय-एक्स, ५ व्ही, ४ आय-व्ही, १ आय. वरून सुरुवात करा. जोडीची किंमत आकड्यात बसत असेल, तर तिची अक्षरं लिहा आणि किंमत वजा करा. बसेनाशी झाली, की खालच्या जोडीवर या.

सोलापूरची जुनी मिल १८७७ सालची. ते साल घेऊ. १००० बसतात, एम लिहिला, उरले ८७७. ९०० बसत नाहीत. ५०० बसतात, डी लिहिला, उरले ३७७. ४०० नाही. १०० तीनदा बसतात, सी-सी-सी, उरले ७७. ९० नाही, ५० बसतात, एल, उरले २७. ४० नाही, १० दोनदा, एक्स-एक्स, उरले ७. ९ नाही, ५ बसतात, व्ही, उरले २. ४ नाही, आय-आय. झालं: एम-डी-सी-सी-सी-एल-एक्स-एक्स-व्ही-आय-आय. हे एकदा वहीत हातानं करा, मग पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेएसक्यूएलच्या फंक्शन लिहायच्या भाषेत, ते एक लूप आणि एक अ‍ॅरे एवढंच उरतं. लूपच्या आधी हद्द तपासा आणि ३९९९ च्या पुढचा आकडा आला, तर स्पष्ट एरर द्या. हॅशची रांग नको.

उलट्या दिशेला उजवीकडून डावीकडे चाला. प्रत्येक अक्षराची किंमत घ्या. ती आधी पाहिलेल्या, म्हणजे उजव्या हाताच्या अक्षरापेक्षा लहान असेल, तर वजा करा, नाहीतर मिळवा. एक्स-एक्स-एक्स-आय-एक्स घ्या. शेवटचा एक्स: १०. मग आय, तो एक्सपेक्षा लहान, वजा: ९. मग एक्स, तो आयपेक्षा लहान नाही, मिळवा: १९. पुढे २९. पुढे ३९.

एवढ्यावर थांबू नका. ही रीत चुकीच्या रोमनलाही बिनदिक्कत उत्तर देते. आय-सी ला ती ९९ म्हणेल, व्ही-एक्स ला ५ म्हणेल, चार आयना ४ म्हणेल. यावर रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे अक्षरांच्या साच्याशी मजकूर ताडण्याचा, उपाय बहुतेक ठिकाणी सांगितलेला सापडतो: हजारांसाठी, शेकड्यांसाठी, दहांसाठी, एककांसाठी एकेक तुकडा. तो चालतो. पण त्यात चारही तुकडे रिकामे असले तरी चालतात, त्यामुळे पूर्ण रिकामा मजकूर आत जातो आणि त्यासाठी वेगळी अट घालावी लागते.

मला दुसरी वाट जास्त भरवशाची वाटते. आलेल्या अंकाचा आकडा काढा, त्या आकड्याचा पुन्हा रोमन करा आणि मूळ मजकुराशी ताडून पाहा. जुळला तर घ्या, नाही तर एरर द्या. आय-सी चे ९९ होतात, ९९ चे एक्स-सी-आय-एक्स होतात, जुळत नाही, बाहेर. व्ही-एक्स चे ५, ५ चा व्ही, बाहेर. नियमांची वेगळी यादी सांभाळावी लागत नाही. दोन फंक्शन एकमेकांवर पहारा ठेवतात.

ताडण्याआधी दोन गोष्टी करा: मागच्यापुढच्या मोकळ्या जागा काढा आणि सगळं मोठ्या लिपीत आणा. नल आला, तर नलच परत जावा म्हणून फंक्शनला ‘स्ट्रिक्ट’ लावा. आणि एररच्या संदेशात आलेला मजकूर जसाच्या तसा छापा. नोंद करणाऱ्या कारकुनाला ‘चुकीची किंमत’ एवढंच दिसलं, तर चारशे ओळींत चूक कुठे ते तो कसं शोधणार?

पायरी ५: डोमेन आणि व्ह्यू, बहुतेकांसाठी इथेच मुक्काम

क्रिएट डोमेन वापरून स्मॉलइंटवर आधारलेला ‘रोमन_क्रमांक’ बनवता येतो आणि १ ते ३९९९ ची अट त्यातच घालता येते. मग ती अट प्रत्येक टेबलात पुन्हा लिहावी लागत नाही. सॉर्ट बरोबर, इंडेक्स बरोबर. फक्त सिलेक्ट केल्यावर ३९ दिसतात, रोमन दिसत नाही.

काही जण डोमेन टेक्स्टवर बांधतात आणि अटीत पायरी ४ ची ताडणी घालतात. त्यात रोमन दिसतो, चूक अडते, पण सॉर्टचा पहिल्या पायरीवरचा घोळ जसाच्या तसा राहतो. दोन्ही गोष्टी एकत्र डोमेनमधून मिळत नाहीत, कारण डोमेन जुन्या टाइपवर नुसती अट लावतो, त्याचं दिसणं किंवा तुलना बदलत नाही.

म्हणून आकड्याचा डोमेन आणि त्यावर एक व्ह्यू, म्हणजे टेबलासारखी वाचता येणारी साठवलेली क्वेरी. व्ह्यूमध्ये मूळ आकडाही ठेवा आणि फंक्शननं काढलेलं रोमन रूपही ठेवा. दाखवायला रोमन, क्रम लावायला आकडा. जनरेटेड कॉलमही करता येईल, पण १८ व्या आवृत्तीत एक बदल झाला आहे. काही न सांगितल्यास जनरेटेड कॉलम आता व्हर्च्युअल, म्हणजे न साठवता वाचताना काढला जाणारा, धरला जातो आणि व्हर्च्युअल कॉलममध्ये स्वतः लिहिलेलं फंक्शन चालत नाही. शेवटी ‘स्टोअर्ड’ असं स्पष्ट लिहा.

वकिलाचं रजिस्टर, कॉलेजातली सेमिस्टरवार गुणपत्रकं, ग्रंथालयातल्या खंडांची यादी, या सगळ्यांना एवढं पुरतं. पुढची पायरी ज्याला टाइप आतून कसा बनतो ते पाहायचं आहे, त्याच्यासाठी.

पायरी ६: खराखुरा टाइप

स्वतंत्र टाइप म्हणजे कॉलममध्ये एक्स-एक्स-एक्स-आय-एक्स टाकता येतं, सिलेक्टवर तेच दिसतं आणि आत दोन बाइटांचा ३९ असतो. यासाठी तीन गोष्टी डेटाबेसला सांगाव्या लागतात: मजकुरातून आत कसं घ्यायचं, आतून मजकुरात कसं काढायचं, आणि दोघांत लहान कोण.

पहिल्या दोन फंक्शनना सी भाषेत लिहावं लागतं. इनपुट फंक्शन सीस्ट्रिंग (सी भाषेतला मजकूर) घेतं, आउटपुट फंक्शन सीस्ट्रिंग देतं, आणि हा प्रकार पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये किंवा साध्या एसक्यूएल फंक्शनमध्ये चालत नाही. तर्क मात्र पायरी ४ चाच आहे, तेरा जोड्या आणि उलटी चाल. सी येत असेल, तर एका दुपारचं काम. मूळ टाइप बनवायला सुपरयूजरचे, म्हणजे डेटाबेसच्या सर्वोच्च वापरकर्त्याचे, अधिकार लागतात आणि क्लाउडवर भाड्यानं घेतलेल्या डेटाबेसमध्ये स्वतःची सी लायब्ररी चढवू देत नाहीत. तेव्हा आधी सर्व्हर कुणाचा आहे ते पाहा.

क्रम असा ठेवा. आधी क्रिएट टाइप नुसत्या नावानं, म्हणजे पोकळ टाइप तयार होतो. त्याचा उल्लेख करून इनपुट आणि आउटपुट फंक्शन जाहीर करा, दोन्ही इम्युटेबल आणि स्ट्रिक्ट. मग पुन्हा क्रिएट टाइप, या वेळी दोन्ही फंक्शनची नावं देऊन, आणि सोबत ‘लाइक’ मध्ये स्मॉलइंट. या एका शब्दानं लांबी, अलाइनमेंट (मेमरीतली मांडणी), किंमत थेट पाठवायची की पत्त्यानं, हे सगळं स्मॉलइंटकडून उचललं जातं. नवशिक्यांच्या सर्वाधिक चुका तिथेच होतात, म्हणून ‘लाइक’ सोडू नका.

तुलनेसाठी सी लिहायची गरज नाही. आत स्मॉलइंटच असल्यामुळे पोस्टग्रेएसक्यूएलच्या पोटातली स्मॉलइंटची तुलनेची फंक्शन ‘इंटरनल’ भाषेच्या नावाखाली आपल्या टाइपसाठी पुन्हा जाहीर करता येतात. लहान, लहान किंवा समान, समान, मोठा किंवा समान, मोठा, असे पाच ऑपरेटर बनवा. सहावं ‘असमान’ही करा, ते इंडेक्सला लागत नाही, पण माणसांना लागतं. मग ऑपरेटर क्लास, म्हणजे इंडेक्सनं कोणते ऑपरेटर वापरायचे ते सांगणारा गट: बी-ट्री या नेहमीच्या इंडेक्ससाठी डिफॉल्ट, वरचे पाच ऑपरेटर याच क्रमानं १ ते ५, आणि दोन किमती घेऊन ऋण, शून्य किंवा धन सांगणारं एक तुलना फंक्शन. हा क्लास झाला, की ऑर्डर बाय, युनिक, प्रायमरी की, सगळं आपोआप चालू लागतं. इथे पहिल्यांदा १, ६, ७, ८, ९, २१ अशी यादी रोमनमध्ये बरोबर क्रमानं पडद्यावर येते, आणि तो आनंद खरा असतो.

आता कास्ट, म्हणजे एका टाइपमधून दुसऱ्यात रूपांतर. रोमनमधून स्मॉलइंटमध्ये जाताना आतले बाइट तेच असल्यामुळे ‘विदाउट फंक्शन’ कास्ट चालतो. उलट्या दिशेला तसं करू नका. स्मॉलइंटमध्ये शून्य असू शकतो, ४००० असू शकतात, ऋण असू शकतात, आणि फंक्शनशिवाय कास्ट ते सगळे न तपासता रोमन म्हणून आत घेईल. त्या दिशेला हद्द तपासणारं फंक्शन हवंच. दोन्ही कास्ट आपोआप लागू होणारे ठेवू नका. मुद्दाम लिहिल्याशिवाय रूपांतर होणार नाही, असं ठेवलं, की कुठली क्वेरी काय करते ते वाचताना कळतं.

बेरीज-वजाबाकीचे ऑपरेटर मी देत नाही. ऑर्डर ७ अधिक ऑर्डर ११ याला अर्थ नाही. शिवाय २००० अधिक २००० हद्दीबाहेर जातं आणि पाच वजा पाच याला रोमन उत्तरच नाही. कुणाला हिशोब करायचाच असेल, तर त्यानं आकड्यात न्यावं, हिशोब करावा आणि परत आणावं.

इनपुट फंक्शन लिहिताना १६ व्या आवृत्तीपासूनची एक सोय वापरा. एरर ‘सॉफ्ट’ पद्धतीनं, म्हणजे क्वेरी न थांबवता, दिला, तर पीजी_इनपुट_इज_व्हॅलिड या फंक्शनला मजकूर आणि टाइपचं नाव देऊन विचारता येतं, की हा अंक चालेल का. नोंदी एकगठ्ठा भरण्याआधी वाईट ओळी बाजूला काढायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

पायरी ७: पूर्ण तपासणी

या टाइपची एक गोष्ट फार छान आहे. त्यात एकंदर ३९९९ च किमती आहेत, त्यामुळे एकूण एक तपासता येतात. जनरेट_सीरीजनं १ ते ३९९९ काढा, प्रत्येकाचा रोमन करा, त्याचा पुन्हा आकडा करा आणि जे जुळत नाहीत ते दाखवा. रिकामं उत्तर आलं पाहिजे.

मग ओळखीची सालं घ्या, म्हणजे डोळ्यांनाही खात्री पटते. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म सोलापुरातला, १९१०: एम-सी-एम-एक्स. मार्शल लॉचं १९३०: एम-सी-एम-एक्स-एक्स-एक्स. चार हुतात्म्यांना फाशी झाली ते १९३१: त्याच्यापुढे एक आय. सोलापूर विद्यापीठाचं २००४: एम-एम-आय-व्ही. ३८८८ आणि ३९९९ ही दोन टोकंही घ्या.

नाकारायच्या यादीकडे तितकंच लक्ष द्या: रिकामा मजकूर, नुसती मोकळी जागा, चार आय, आय-सी, व्ही-एक्स, आय-आय-एक्स, दोन व्ही, दोन डी, चार एम, शून्य, आणि सात अक्षरांबाहेरचं कोणतंही अक्षर. यातला एक जरी आत गेला, तर पायरी ४ वर परत या.

पायरी ८: जुनी माहिती आणताना

ऑफिसांतली जुनी यादी बहुधा एक्सेलमध्ये असते. एक्सेलमध्ये ‘रोमन’ आणि ‘अरेबिक’ अशी दोन फंक्शन आहेत. ‘रोमन’ला दुसरी किंमत देऊन संक्षिप्त रूप काढता येतं, ४ दिले तर ४९९ चं आय-डी होतं, खरं रूप सी-डी-एक्स-सी-आय-एक्स असताना. अशी रूपं यादीत असतील, तर आपलं फंक्शन ती नाकारेल, आणि ते बरोबरच आहे. एक्सेलमध्येच आधी आकडे करून घ्या आणि आकडेच आणा.

वर्डमधून किंवा वेबवरून चिकटवलेल्या मजकुरात वेगळी अडचण असते. युनिकोडमध्ये रोमन अंकांसाठी स्वतंत्र चिन्हं आहेत. दिसायला व्ही-आय, पण आत दोन अक्षरं नसून एकच चिन्ह. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १३ व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे. त्याला ‘एनएफकेसी’ सांगितलं, की त्या चिन्हाची साधी अक्षरं होतात. आयऐवजी एकचा आकडा किंवा छोटा एल टंकलेला असेल, तर मात्र आपोआप दुरुस्ती करू नका. छोटा एल म्हणजे ५० सुद्धा असू शकतो. अशा ओळी वेगळ्या काढून फायलीशी ताडून घ्या.

जुने मराठी अर्ज कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेले असतील, तर आणखी एक. तिथे पडद्यावर मराठी दिसत असली, तरी आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात. त्यामुळे ‘मजकुरातली रोमन अक्षरं शोध’ असं सांगितलं, की सगळा अर्जच उत्तरात येतो. आधी युनिकोड करून घ्या, मग शोधा.

आणि सगळ्यात जास्त सतावणारी गोष्ट: मागे जोडलेलं अक्षर. दिवाणी संहितेत ऑर्डर १३-ए आहे. राज्यघटनेत नगरपालिकांचा भाग ९-ए आहे, सहकारी संस्थांचा ९-बी. हे ए, बी रोमन अंकाचा भाग नाहीत, ते टाइपमध्ये घुसवू नका. वेगळा कॉलम करा. आडवी रेघ गळाली, तर काय होतं पाहा: एक्स-सी हे १० ची सी पोटशाखा आहे, की ९०? संगणकाला कळायचा मार्ग नाही, तो ९० घेईल आणि ताडणीतही ते बरोबर ठरेल. म्हणून आणतानाच रेघेपाशी तोडून दोन कॉलम भरा.

जोडअक्षर नसेल, तिथे नल न ठेवता रिकामा मजकूर ठेवा. पोस्टग्रेएसक्यूएल चढत्या क्रमात नल शेवटी टाकतो, त्यामुळे ९ ही नोंद ९-ए आणि ९-बी च्या खाली जाईल. रिकामा मजकूर सर्वात आधी येतो. आकडा आणि जोडअक्षर या दोन्ही कॉलमांवर मिळून एक इंडेक्स केला, की यादी छापील पुस्तकातल्या क्रमानं येते.

पायरी ६ चा टाइप वापरला असेल, तर बॅकअपचाही विचार करा. पीजी_डंप हा बॅकअप काढणारा प्रोग्रॅम माहिती आउटपुट फंक्शनच्या रूपात लिहितो आणि परत चढवताना ती इनपुट फंक्शनमधून जाते. म्हणजे आउटपुटनं जे छापलं, ते इनपुटनं विनातक्रार घेतलंच पाहिजे. टाइपची सी फाइल आणि एसक्यूएल एका एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे एकत्र बसवता येणाऱ्या गठ्ठ्यात, बांधा आणि नव्या मशीनवर बॅकअप उतरवण्याआधी त्या एक्स्टेन्शनच्या फाइली तिथे बसवा. त्या नसतील, तर रोमनचा कॉलम असलेलं एकही टेबल उभं राहणार नाही.